माकडहाडाजवळ पुन्हा पुन्हा येणारं गळू : पायलोनायडल सायनसबद्दल अनुभव हवेत

पाणपोई
नमस्कार मंडळी. पंधरा दिवस लिहू की नको असं चाललंय, आज लिहितेच.

माझा मोठा मुलगा २२ वर्षांचा. पुण्यात राज्यसेवेची तयारी करतो, दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत बसून. दिवाळीला घरी लातूरला आला तो सगळा प्रवास सीटच्या कडेवर एका कुशीवर बसून. विचारलं तर आधी काही बोलेना. रात्री ताप चढला तेव्हा वडिलांना दाखवलं. पाठ संपते तिथे, माकडहाडाच्या वर, दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीत सुपारीएवढं लाल गळू. आणि ही पहिली वेळ नव्हती, तिसरी! पहिल्यांदा मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खाल्ल्या. दुसऱ्यांदा आपोआप फुटलं, पू वाहून गेला आणि बरं वाटलं म्हणून गप्प बसला. आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही.

इथल्या सर्जननी चिरा देऊन पू काढला. हे साधं गळू नाही, पायलोनायडल सायनस (कातडीखाली झालेला पोकळ मार्ग) आहे, जखम भरली की रीतसर ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. आतून केसांचा पुंजका निघाला. तो पाहिल्यापासून माझं डोकं चालत नाही. तिथे केस गेले कुठून? ऑपरेशननंतरही परत होतं असं दोघातिघांनी सांगितलं, ते खरं का? धाकटा १६ वर्षांचा आहे, अंगावर थोरल्याइतकेच केस. त्याला होऊ नये म्हणून आत्तापासून काय करायचं?

मधलीसुट्टी
ताई, घाबरू नका. आमच्याकडे याला केसतोड म्हणतात. आजी गव्हाच्या पिठाचं, हळदीचं गरम पोटीस बांधायची, दोन दिवसांत तोंड पडून मोकळं. उष्णतेने होतं. सब्जा प्या, वांगं-तीळ बंद करा.

सुईदोरा
मी सर्जन, आता निवृत्त. सरकारी रुग्णालयात हा आजार इतका पाहिला की थोडं सविस्तर लिहितो.

मधलीसुट्टी, केसतोड वेगळा. त्यात केसाच्या मुळाशी जंतू जातात आणि तिथेच पिकतं. पायलोनायडलमध्ये केस बाहेरून आत शिरतो. दोन कुल्ल्यांच्या मधली घळ खोल, दमट आणि सतत हलणारी. बसताना ताणते, उठताना मिटते. तळाशी, अगदी मध्यरेषेवर, घामाने आणि ताणाने केसाच्या मुळांची तोंडं रुंदावून बारीक छिद्रं पडतात. केसाला भिंगाखाली पाहिलं तर माशासारखे खवले असतात, सगळे एकाच दिशेला कललेले. म्हणून सुटा केस त्या छिद्रात मुळाकडच्या टोकाने गेला की प्रत्येक हालचालीबरोबर पुढेच सरकतो, मागे येत नाही. कुसळ सदऱ्याच्या बाहीत वर वर चढतं ना, अगदी तसं. आत साठलेले केस शरीराला परके, म्हणून ते पू करतं. पुवाला वाट हवी असते. ती बहुतेक वेळा थोडी वर, एका बाजूला फुटते. म्हणजे गळू दिसतं तिथे रोगाचं दार नसतं, दार असतं खाली मधोमध, टाचणीच्या टोकाएवढं. वरचं गळू फुटलं, सुकलं, तरी दार उघडं आणि केस आत. म्हणून परत.

नावातही तेच आहे. लॅटिनमध्ये पायलस म्हणजे केस आणि नायडस म्हणजे घरटं. केसांचं घरटं. १८८० साली हॉजेस नावाच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं.

वयात आल्यानंतर ते तिशीपर्यंत जास्त, चाळिशीनंतर क्वचित. मुलींपेक्षा मुलांना दुपटीहून थोडं जास्त. अंगावर दाट आणि राठ केस, खोल घळ, वजन, बैठं काम आणि घरात कुणाला झालेलं असणं, या गोष्टी त्यात भर घालतात. ताई, तुमच्या मुलाने अस्वच्छता केली म्हणून हे झालं असं मनातसुद्धा आणू नका. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यांनाही होतं.

पोटीस, सब्जा यांनी केस बाहेर येत नाही. पू धरलेला असताना नुसत्या अँटिबायोटिकनेही भागत नाही, चिरा द्यावाच लागतो. तो मध्यरेषेवर न देता थोडा बाजूला द्यावा, नंतरचं बरंच सोपं जातं.

उंबरठा
अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण ज्याने केली त्याला नक्की हेच झालं असणार. माझ्या मेहुण्याचे जावई खरोखर डॉक्टर आहेत. त्यांना कळू नये म्हणून मेहुणे शंभर किलोमीटर लांबच्या गावी जाऊन दाखवून आले. शेवटी ड्रेसिंग जावईबापूंनीच केलं, महिनाभर रोज. आता दोघांची अशी गट्टी जमली आहे की बघत राहावं.

लालपरी६२
मी एसटीत ड्रायव्हर होतो, ३१ वर्षं. आमच्या डेपोत निदान चार जणांना हे झालेलं मला माहीत आहे. कुणी मूळव्याध म्हणायचं, कुणी भगंदर. एकाने तर मूळव्याधीच्या वैदूकडून काहीतरी लावून घेतलं आणि कातडी भाजून घेतली. आमचा समज असा की खराब रस्त्यावर आदळून आदळून होतं. खरं आहे का डॉक्टर? इंजिनाची धग, रेक्झिनची सीट, घामाने पँट चिकटलेली आणि दणके.

जुनंपान
लालपरीकाका, तुमचा समज एकेकाळी अमेरिकन सैन्याचाही होता! दुसऱ्या महायुद्धात जीपमधून फिरणाऱ्या सैनिकांना हे इतकं होऊ लागलं की १९४४ साली ब्यूई नावाच्या सर्जनने त्यावर निबंध लिहिताना नावच दिलं 'जीप डिसीज'. १९४१ ते १९४५ या काळात जवळजवळ ऐंशी हजार अमेरिकन सैनिक यासाठी रुग्णालयात दाखल झाले.

त्या वेळी बहुतेक डॉक्टर याला जन्मजात दोष समजायचे. गर्भात असताना तिथली कातडी आत राहून गेली, ती मुळापासून काढली की झालं, असा हिशोब. म्हणून हाडापर्यंत मोठा भाग कापून काढायचे. जखमा महिनोन् महिने भरत नसत. लढण्याच्या वयाची पोरं खाटेवर पालथी पडून.

मग १९४८ साली इंग्लंडमध्ये पेटी आणि स्कार्फ या दोघांनी एका न्हाव्याच्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात असाच केसांचा सायनस असल्याचं प्रसिद्ध केलं. बोटांच्या बेचक्यात स्वतःचा केस उगवतच नाही. म्हणजे केस गिऱ्हाइकाचा! तेव्हापासून जन्मजात सिद्धान्ताला उतरती कळा लागली.

कंगवा
वरचं वाचून अंगावर काटा आला. आमचं सलून आहे, तिसरी पिढी. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात बारीक भोक होतं. कधीमधी दुखायचं, सुजायचं, मग आई सुईने त्यातून केसाचे तुकडे काढायची. आम्ही त्याला 'केस खाल्ला' म्हणायचो. हाताला केस खाल्ला, पायाला केस खाल्ला. धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. तिला इंग्लंडात निबंध लिहिलेला आहे हे आज कळलं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवला असता.

आमच्यातले जुने लोक दुकान बंद करताना बोटांच्या बेचक्या साबणाने घासून, पुसून, खोबरेल लावायचे. मी पण लावतो, पोरालाही लावायला सांगतो.

गोठा
कंगवादादा, म्हशी-गाईंची धार काढणाऱ्यांनाही होतं बरं का. मला डाव्या हाताला झालं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी आतून जनावराचा आखूड केस काढून दाखवला.

सुईदोरा
बरोबर. मेंढ्यांची लोकर कातरणारे, कुत्र्यांचे केस कापणारे, यांच्या हातातही सापडतो.

लालपरी, आदळण्याने छिद्र पडायला मदत होत असेल, पण एकट्या दणक्यांनी हे होत नाही. केस हवा. तासन् तास बसणं, घाम आणि केस, हे तिन्ही ड्रायव्हरच्या सीटवर एकत्र येतात. आणि अभ्यासिकेच्या खुर्चीवरही.

कंगव्यांच्या धंद्याशी संबंधित आणखी एक गोष्ट. आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो की आतले केस पाठीचे नाहीतर तिथलेच. २०१८ च्या सुमाराला जर्मनीतल्या संशोधकांनी सायनसमधून काढलेले केस एकेक करून तपासले. त्यांत मोठ्या संख्येने निघाले डोक्याचे आखूड, बिनमुळाचे, टोकदार कापलेले तुकडे. कटिंग केल्यावर मानेवरून पाठीवर ओघळणारे. पाठीच्या मधल्या पन्हाळीतून थेट खाली.

मधलीसुट्टी
म्हणजे आजी बरोबरच होती, फक्त दुसऱ्या बाबतीत! न्हाव्याकडून आलं की उंबऱ्यातच थांबवायची. कशाला शिवू द्यायची नाही, थेट मोरीत, कपडे काढून डोक्यावरून पाणी. आम्ही चिडायचो.

सुईदोरा
शिवाशिवीचा भाग सोडून द्या. पण केस कापल्यावर लगेच डोक्यावरून आंघोळ करणं, घळीतून पाणी जाऊ देणं आणि कपडे बदलणं, हा सल्ला मी आज माझ्या पेशंटला देईन. सोपा आहे, फुकट आहे आणि आजाराच्या मुळावर आहे. दुपारी कटिंग करून तसंच ऑफिसात जाऊन सहा तास बसणं टाळावं.

राईनकाठी
मी फ्रँकफर्टजवळ राहतो. इथे याला श्टाइसबाइनफिस्टल म्हणतात, म्हणजे सरळ सरळ माकडहाडाचा नासूर. इथेही पुष्कळ आढळतो, ऑफिसात मोकळेपणाने बोलतात. माझे दोन अनुभव झाले, दोन्ही सांगतो, कारण पाणपोईताईंचा 'परत होतं का' हा प्रश्न मी स्वतः भोगलाय.

पहिल्या वेळी वयाच्या २६ व्या वर्षी मधोमध मोठा काप घेऊन सगळं काढलं आणि जखम उघडी ठेवली. तळापासून वर भरत यावी म्हणून. उघडी म्हणजे खरोखर उघडी, आत दोन बोटं राहतील एवढी. रोज सकाळी शॉवरखाली धुवायची, आत पट्टी भरायची. पहिला आठवडा बायको ड्रेसिंग करताना मी उशी चावायचो. ११ आठवडे लागले भरायला. भरली तेव्हा आम्ही दोघांनी शिरा करून खाल्ला.

१४ महिन्यांनी त्याच जागी परत. मला रडू आलं. इतकं सोसून परत!

दुसऱ्या डॉक्टरने शांतपणे चित्र काढून दाखवलं. पहिल्या ऑपरेशनने रोग काढला, पण घळ तशीच खोल राहिली आणि व्रण बरोबर मध्यरेषेवर, जिथे घाम आणि केस साठतात तिथेच. कमकुवत कातडीवर पुन्हा तेच चक्र. या वेळी त्याने क्लेफ्ट लिफ्ट केली. कातडी एका बाजूला सरकवून घळ उथळ करतात आणि टाक्यांची रेघ मध्यावर न येता बाजूला येते, उघड्या हवेवर. तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसला. त्याला आता ६ वर्षं झाली, काही नाही.

ताई, ऑपरेशनआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा : टाके मध्यरेषेवर येणार की बाजूला?

सुईदोरा
राईनकाठी, उत्तम लिहिलंत. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं मधोमध कापून मधोमध शिवत होतो, तसंच शिकवलं होतं. माझे पेशंट परत येत. ती चूक उमगायला मला वेळ लागला, याचं आजही वाईट वाटतं.

यातला खरा शोध एका ग्रीक लष्करी डॉक्टरचा, कारिडाकिस. १९७३ साली त्यांनी आपली पद्धत मांडली. रोग आत नाही, घळीच्या तळाशी आहे. तळ बाजूला हलवा. पुढे १९९२ साली सहा हजारांहून जास्त पेशंटांचा हिशोब त्यांनी दिला, पुन्हा होण्याचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास. राईनकाठींची क्लेफ्ट लिफ्ट अमेरिकेतल्या बॅस्कम यांची, विचार तोच. आपल्याकडे जास्त होते ती लिंबर्ग फ्लॅप. शंकरपाळ्याच्या आकाराचा भाग काढायचा आणि शेजारची चरबीसकट कातडी फिरवून तिथे बसवायची. घळ सपाट होते. व्रण मोठा दिसतो, पण टिकतो. टाके मध्यावर घालणं टाळा, हे आता जगभर मान्य झालेलं मत आहे.

प्रत्येकाला एवढं मोठं लागतं असंही नाही. एक-दोनच छिद्रं आणि छोटा मार्ग असेल तर नुसती छिद्रं कोरून आतले केस साफ करतात. दुर्बीण घालून आतून जाळण्याची पद्धत आहे. काही ठिकाणी फिनॉल नावाचं रसायन भरतात. या सगळ्यांत जखम लहान, कामावर लवकर जाता येतं, पण परत होण्याची शक्यता फ्लॅपपेक्षा जास्त. पेशंट आणि डॉक्टरने बसून ठरवायची गोष्ट आहे.

आघाडा
मी आयुर्वेद शल्यतंत्रात एमएस. चर्चा वाचली, आवडली, पण क्षारसूत्राचं नावच नाही याचं वाईट वाटलं. सुश्रुताने नाडीव्रण, म्हणजे आत नळीसारखा मार्ग असलेली जखम, सांगितला आहे. आत शल्य, म्हणजे परकी वस्तू, राहून झालेला तो शल्यज नाडीव्रण. केस हेच इथलं शल्य. नाडीव्रणात क्षारसूत्र वापरायलाही सुश्रुतानेच सांगितलं आहे.

सूत्र कसं बनतं तेही सांगतो. जाड दोऱ्याला निवडुंगाच्या चिकाचे ११ लेप, त्यावर चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे ७, मग चीक आणि हळदीचे ३. असे एकूण २१. प्रत्येक लेप वाळल्यावर पुढचा. हा दोरा मार्गातून ओवून बांधायचा, दर आठवड्याला बदलायचा. मार्ग हळूहळू कापला जातो आणि त्याच वेळी मागून भरत येतो. पेशंट रोज कामाला जातो.

सुईदोरा
आघाडा, भगंदरात मी स्वतः माझे पेशंट क्षारसूत्राला पाठवले आहेत. इथे माझी शंका एवढीच. दोरा मार्ग कापतो, पण घळ तशीच राहते. शिवाय मार्गाला फाटे असतील तर?

आघाडा
फाटे असतील तर आधी छेदन (कापणं), लेखन (खरवडणं) करून केस पूर्ण काढायचे, मगच सूत्र. केस आत ठेवून सूत्र बांधणारे आहेत, त्यांचे पेशंट बिघडून आमच्याकडे येतात. घळीचा मुद्दा मान्य. म्हणून लहान, सरळ, एकेरी मार्गालाच मी सूत्र सुचवतो. आणि भिंतीवरची जाहिरात वाचून जाऊ नका. पदवी विचारा.

निनावीच
या धाग्यासाठी नवीन आयडी घेतलाय. मी मुलगी आहे, २४.

सगळीकडे 'केसाळ मुलांना होतं' असं लिहिलेलं असतं. मला १९ व्या वर्षी झालं. वसतिगृहात होते. दीड वर्ष मी कुणाला सांगितलं नाही. पू कपड्याला लागायचा म्हणून पॅड उलटं, मागच्या बाजूला लावायचे. मैत्रिणींना वाटायचं माझी पाळी सारखी चालू असते. कुणाशी लग्न ठरलं तर काय सांगायचं, इथपर्यंत विचार गेले होते. एक डॉक्टर तपासताना हसले. काहीतरी विनोद केला. त्यानंतर मी सहा महिने कुठेच गेले नाही.

शेवटी आईला फोनवर सांगितलं. ती रात्रीच्या गाडीने आली. काही बोलली नाही. माझी सगळी कपाटं आवरली आणि मग म्हणाली, चल. आम्हाला एक बाई सर्जन मिळाल्या. ऑपरेशननंतर पाळी आली तेव्हा ड्रेसिंग ओलं व्हायचं, त्यांनीच वर पारदर्शक चिकटपट्टी लावायला शिकवली. या गोष्टी कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत म्हणून लिहिते आहे.

पाणपोईताई, तुमचा मुलगा गप्प बसला म्हणून त्याच्यावर रागावू नका. प्लीज.

पाणपोई
निनावी बाळा, तुझं वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले थोडा वेळ. रागावले होते मी त्याच्यावर. आज फोन करते.

उंबरठा
निनावीच, इथे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. माझी भाची हॉस्टेलला आहे, तिला हा धागा पाठवतेय.

मधलीसुट्टी
एक सरळ प्रश्न. केसच नकोत तर रोज वस्तरा फिरवावा का? माझा चुलतभाऊ ऑपरेशननंतर दर आठवड्याला रेझरने काढतो.

कंगवा
धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, नको. वस्तऱ्याने केस कातडीच्या पातळीला तिरपा कापला जातो, टोक भाल्यासारखं. दोन दिवसांनी खुंट उगवले की तिथे घासतात. मानेवर सुद्धा काही गिऱ्हाइकांना वस्तऱ्याने पुळ्या येतात.

राईनकाठी
मला पहिल्या डॉक्टरने शेव करत राहा म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने ताबडतोब बंद करायला लावलं. कुणाचं खरं?

सुईदोरा
दुसऱ्याचं. जर्मनीतच जुन्या पेशंटांचा मागोवा घेतला तेव्हा ऑपरेशननंतर वस्तरा वापरणाऱ्यांत आजार जास्त परतलेला दिसला. जखम भरत असताना तिच्या कडेचे केस आत वळू नयेत म्हणून आखूड करावे लागतात, ते ट्रिमरने करा आणि तुकडे लगेच धुऊन टाका. क्रीम चालते, पण आधी मांडीवर लावून चोवीस तास बघा. उघड्या जखमेवर कधीच नाही.

सगळ्यांत भरवशाचं लेसर. अमेरिकेत ११ ते २१ वयाच्या ३०२ मुलामुलींवर चाचणी झाली, २०२३ च्या शेवटी निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीने केस काढणाऱ्यांत वर्षभरात साधारण ३४ टक्क्यांना पुन्हा झालं, लेसरची जोड दिलेल्यांत साधारण १० टक्क्यांना. काळ्या, राठ केसांवर लेसर चांगलं काम करतं. पण आपल्या सावळ्या कातडीला त्याचं योग्य यंत्र लागतं, नाहीतर भाजतं. म्हणून पार्लरमध्ये न जाता त्वचारोगतज्ज्ञांकडे. एका बैठकीत होत नाही, महिना-दीड महिन्याच्या अंतराने अनेकदा जावं लागतं.

फळीवरचा
मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढलीत. तिथली परिस्थिती सांगतो. प्लास्टिकची खुर्ची, वर गोधडीची घडी. जागा सोडली तर लिंक तुटते, आणि शेजारचा उठत नाही म्हणून आपण उठत नाही. पाणी कमी पितात, लघवीला उठावं लागू नये म्हणून. उन्हाळ्यात पंखा वरच्या पुस्तकांना वारा घालतो. जीन्स घालून दहा तास. ताईंच्या मुलासारखे आमच्या हॉलमध्ये दोन होते.

आम्ही एक केलं. दर पन्नास मिनिटांनी एकाने घड्याळ लावायचं आणि सहा जणांनी मिळून उठायचं. चालू घडामोडी उभ्याने वाचायच्या, खिडकीच्या कट्ट्यावर पेपर ठेवून. सुती सैल पँट. मालकांनी पहिल्यांदा गोंधळ नको म्हणून हटकलं, नंतर त्यांनीच कोपऱ्यात उंच टेबल दिलं. अजून आहे ते तिथे.

लालपरी६२
वा! आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर प्रत्येक थांब्याला खाली उतरून चक्कर मारली असती. मी उतरायचो, पण चहासाठी.

उंबरठा
मधोमध भोक असलेली ती गोल उशी घ्यावी का?

राईनकाठी
मी घेतली होती, उलट घळ ताणली जायची. मागच्या बाजूला खाच असलेली उशी बरी पडली, माकडहाड अधांतरी राहतं. घरी मी पोटावर झोपून लॅपटॉप वापरला, त्याने मान धरली ते वेगळंच.

पाणपोई
मंडळी, तीन महिन्यांनी परत आले आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी निरोप पाठवून विचारलं. आभार कसे मानू?

इथल्या सर्जनना मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले. टाके मध्यरेषेवर येणार का, हा पहिला. ते हसून म्हणाले, तुम्हाला कुणी शिकवलं? लिंबर्ग फ्लॅप केली. आत साठणारं पाणी जायला बारीक नळी होती, ती चौथ्या दिवशी काढली. टाके दोन आठवड्यांनी. एका कोपऱ्यात टाक्याची कड थोडी सुटली, रोज धुऊन तीही भरली. व्रणाजवळ थोडा भाग बधिर लागतो म्हणतो. डॉक्टर म्हणाले की तसं राहू शकतं, त्रास नाही. साखर तपासली, ठीक होती. मित्रांच्या संगतीने सिगारेट सुरू झाली होती हेही या निमित्ताने बाहेर आलं. जखम भरायला वेळ लागतो असं डॉक्टरांनीच त्याला सुनावलं, मला बोलावं लागलं नाही. लेसरच्या दोन बैठका झाल्या आहेत.

निनावी, त्या रात्री मी त्याला फोन करून 'सॉरी' म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, मला वाटलं तुम्ही अभ्यास सोडायला सांगाल.

गेल्या रविवारी पूर्व परीक्षा झाली. दोन-दोन तासांचे दोन पेपर, सरळ बसून दिले.

आता धाकट्याचं. त्याच डॉक्टरांना दाखवलं. त्याला मधोमध एक बारीक छिद्र आहे, दुखत नाही, वाहत नाही. माझा जीव खालीवर. डॉक्टर म्हणाले, काहीही करू नका. त्रास नसेल तर ऑपरेशन नाही, नुसतं छिद्र आहे म्हणून कापत नाहीत. केस आखूड ठेवा, आंघोळीत तिथे हाताने साबण लावून नीट धुवा आणि कोरडं करा. दुखायला लागलं तर त्याच दिवशी या. कटिंग करून आला की तो आता स्वतःच ओरडतो, कुणी शिवू नका, आणि थेट बाथरूममध्ये पळतो. सुईदोराकाका, एवढं पुरेसं आहे ना?

सुईदोरा
पुरेसं आहे. तुमच्या सर्जननी अगदी योग्य सांगितलं. तिशी उलटली की धोका आपोआप कमी होत जातो, तोवर एवढं सांभाळायचं.

निनावीच
:) दादाला निकालासाठी शुभेच्छा.

लालपरी६२
डेपोत जुन्या ओळखीने गेलो होतो. तिथे एक नवीन पोरगा आहे, कंडक्टर, २५ चा. दिवसभर तिकिटं फाडताना उभा आणि डेपोत आल्यावरही बसत नाही. विचारलं तर लाजला. त्याला हा धागा मोबाईलवर उघडून दिला. वाचून म्हणाला, काका, डिट्टो. चार दिवसांपासून सुजलंय, आज थोडी कणकण आहे. उद्या सुट्टी टाकून दाखवायला जातोय. काही सांगायचं का त्याला?

सुईदोरा
ताप असेल तर उद्याची वाट नको, आजच जाऊ दे. आणि जाईपर्यंत काही खाऊ नको म्हणावं. पू काढताना भूल द्यावी लागली तर खोळंबा होत नाही. दाबून फोडायचं नाही. कुणी सोबत जाणार आहे का?

लालपरी६२
मी जातोय. गाडी काढतो.